‘वेंट’ आले कुठून?

गो, वेंट, गॉन. इंग्रजी शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मराठी मुलाने ही तीन रूपे कधी ना कधी घोकलेली असतात. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला वाचून इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांनी ती घोकली, आणि आज मोबाइलवर इंग्रजीचे धडे गिरवणारी मुलेही घोकतात. तक्त्यातली बाकीची क्रियापदे निदान ओळख ठेवून असतात. ‘वॉक’चे ‘वॉक्ड’ होते, ‘प्ले’चे ‘प्लेड’. ‘सिंग, सँग, संग’मध्ये मधला स्वर बदलतो, पण पुढची-मागची अक्षरे जागच्या जागी राहतात. ‘गो’ आणि ‘वेंट’ यांच्यात मात्र एकही अक्षर समान नाही. एखादे चौकस मूल विचारते, “‘गो’चं ‘गोड’ का नाही होत?” आणि त्याला बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते: “इंग्रजीत असंच असतं. पाठ कर.”

प्रश्न रास्त आहे आणि त्याला नेमके उत्तरही आहे. ‘वेंट’ हा ‘गो’चा भूतकाळ नव्हताच. ते एका वेगळ्याच क्रियापदाचे रूप, ‘गो’च्या घरी दत्तक आलेले.

इंग्रजीचे सर्वांत जुने रूप इंग्लंडमध्ये साधारण पाचव्या शतकापासून अकराव्या-बाराव्या शतकापर्यंत बोलले जात होते. त्या भाषेत ‘जाणे’ या अर्थी ‘गान’ असा शब्द होता. आजचा ‘गो’ त्याचाच वंशज. पण गंमत अशी, की ‘गान’लाही स्वतःचा भूतकाळ नव्हता. ‘तो गेला’ म्हणायचे असेल तर त्या काळचा इंग्रज ‘एओदे’ म्हणत असे. म्हणजे हजार वर्षांपूर्वीही या क्रियापदाचे वर्तमान एकीकडचे आणि भूत दुसरीकडचे होते. पुढे ‘एओदे’ झिजत झिजत ‘येदे’, ‘योद’ असे काहीबाही झाले. गावोगावी त्याचा उच्चार वेगळा, लेखनही वेगळे. ‘गो’शी त्याचा काही संबंध आहे हे कानाला तर मुळीच जाणवत नव्हते.

त्याच भाषेत ‘वेंडन’ नावाचे आणखी एक क्रियापद होते. त्याचा मूळ अर्थ वळणे, वळवणे. वळून एखाद्या दिशेला लागणे म्हणजे निघणे, आणि निघणे म्हणजे जाणे, अशा वाटेने त्यालाही ‘जाणे’ हा अर्थ चिकटला. मराठी माणसाला यात अवघड काही नाही. ‘तो घराकडे वळला’ असे आपण म्हणतो तेव्हा तो घरी निघाला असेच आपल्याला म्हणायचे असते.

आता ‘वेंडन’चे पुढचे रूप ‘वेंड’ आणि त्याचा भूतकाळ पाहू. इंग्रजीतली काही क्रियापदे शेजारी ठेवली की सगळे उलगडते. ‘सेंड’चे ‘सेंट’, ‘बेंड’चे ‘बेंट’, ‘लेंड’चे ‘लेंट’, ‘स्पेंड’चे ‘स्पेंट’. शेवटच्या ‘ड’चा ‘ट’ झाला की भूतकाळ तयार. याच रांगेत ‘वेंड’चे ‘वेंट’. तक्त्यात सर्वांत विचित्र दिसणारे हे रूप आपल्या खऱ्या घरी इतके सरळ आणि नियमित होते!

चौदाव्या शतकात, जेफ्री चॉसरच्या काळात, इंग्रजीत ‘येदे’ आणि ‘वेंट’ दोन्ही चालत होते. कँटरबरीला निघालेल्या यात्रेकरूंच्या गोष्टी सांगणाऱ्या त्याच्या प्रसिद्ध काव्यातही यात्रेकरूंच्या जाण्यासाठी ‘वेंड’ आले आहे. पंधराव्या शतकात दक्षिण इंग्लंडमध्ये ‘येदे’ मागे पडले आणि ‘वेंट’ने त्याची जागा घेतली. उत्तरेकडे आणि स्कॉटलंडमध्ये लोकांनी निराळा मार्ग धरला. त्यांनी ‘गो’लाच प्रत्यय लावून ‘गेड’ असा भूतकाळ बनवला, आणि स्कॉट बोलीत तो अजूनही टिकून आहे. मुलाने विचारलेले ‘गोड’ असे खरोखर एका प्रदेशात प्रत्यक्षात आलेले आहे. पण लंडनची बोली प्रमाण ठरली आणि तिच्याबरोबर ‘वेंट’ जगभर गेले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस एडमंड स्पेन्सरने आपल्या काव्यात ‘योद’सारखी रूपे मुद्दाम वापरली ती भाषेला जुनेपणाचा रंग यावा म्हणून. तोवर ती रोजच्या बोलण्यातून गेलेली होती.

‘वेंड’चे पुढे काय झाले? भूतकाळ दुसऱ्याला देऊन बसल्यावर त्याला नवा भूतकाळ बनवावा लागला: ‘वेंडेड’. आज रमतगमत वाट चालण्याच्या एका वाक्प्रचारापुरतेच ते उरले आहे. त्याचे नातेवाईक मात्र ठणठणीत आहेत. गुंडाळणे, पिळा देणे या अर्थाचे ‘वाइंड’ त्याच कुळातले, भटकणे या अर्थाचे ‘वाँडर’ही त्यातलेच, आणि जादूगाराच्या हातातली लवचीक कांडी, ‘वाँड’, तीही तिथलीच.

खुद्द ‘गो’चा गोतावळाही मोठा आहे. जर्मनमध्ये ‘गेऽन’ आणि डचमध्ये ‘खान’ ही त्याची सख्खी भावंडे. जुन्या इंग्रजीत ‘गँग’ म्हणजेही चाल, जाणे, पण तो ‘गो’चा नातेवाईक मानला जात नाही. पुढे एकत्र जाणाऱ्यांचा, एकत्र काम करणाऱ्यांचा जथा असा अर्थ झाला आणि त्यानंतर गुंडांची टोळी. रेल्वेमार्गावर उन्हातान्हात रूळ तपासत चालणाऱ्या गँगमनच्या नावात या शब्दाचा मधला, कष्टाचा अर्थ शाबूत राहिला आहे. ‘दोन वर्षांपूर्वी’ सांगताना इंग्रजीत शेवटी ‘अगो’ येते, ते मात्र ‘गो’च्याच पोटातले. त्याचे जुने रूप ‘अगॉन’, म्हणजे निघून गेलेले. इंग्रज ‘दोन वर्षे गेलेली’ म्हणतो आणि आपण ‘गेल्या वर्षी’, ‘गेल्या आठवड्यात’ म्हणतो. काळ चालत जातो ही कल्पना दोन्हीकडे आहे.

इथवरची गोष्ट इंग्लंडची झाली. तिचे धागे त्याहून मागे जातात आणि अगदी आपल्या घरापर्यंत येतात.

2 फेब्रुवारी 1786 रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत सर विल्यम जोन्स यांनी केलेले भाषण भाषांच्या अभ्यासात मैलाचा दगड मानले जाते. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या धातूंत आणि व्याकरणात इतके साम्य आहे, की तिन्हींचा उगम एकच असला पाहिजे, असे त्यांनी मांडले. तो उगम कदाचित आता अस्तित्वात नसेल, हेही त्यांनी सांगितले. पुढच्या शंभर वर्षांत अभ्यासकांनी हे साम्य नियमांत बसवले. त्यांतला सर्वांत गाजलेला नियम याकोब ग्रिम यांनी 1822 साली मांडला. परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंपैकीच हे एक. या नियमाचा एक भाग असा, की मूळ भाषेतला ‘ग’ इंग्रजी-जर्मन शाखेत ‘क’ झाला. त्या ‘ग’चे संस्कृतात कधी ‘ग’ राहिले, कधी ‘ज’ झाले.

म्हणून संस्कृत ‘गो’, आपली गाय, तिकडे ‘काउ’ झाली. ‘जन’चे नाते ‘किन’शी आहे. गुडघ्याला संस्कृतात ‘जानु’ म्हणतात, इंग्रजीत ‘नी’. ‘ज्ञा’ म्हणजे जाणणे, इंग्रजीत ‘नो’. ‘नी’ आणि ‘नो’च्या स्पेलिंगमधला तो मुका ‘के’, ज्याच्यावरून मुले हमखास चुकतात, तोच या ‘ज’चा तिकडचा जोडीदार आहे. काही शतकांपूर्वीपर्यंत इंग्रज त्याचा उच्चारही करत असत.

हाच नियम ‘गम्’ या संस्कृत धातूला लावला तर ‘ग’चा ‘क’ होऊन इंग्रजीत मिळतो तो शब्द म्हणजे ‘कम’. जाणे या अर्थाचा आपला ‘गम्’ आणि येणे या अर्थाचा इंग्रजांचा ‘कम’ एकाच मुळाचे आहेत. आधी नुसते पाऊल टाकणे, चालून जाणे एवढाच अर्थ असावा. एका शाखेत तो पलीकडे वळला, दुसरीत अलीकडे. इंग्रजी ‘गो’चे नाते मात्र अभ्यासक संस्कृतातल्या ‘हा’ या धातूशी, ‘जहाति’ म्हणजे सोडून जातो याच्याशी, जोडतात. ‘हीन’ आणि ‘हानी’ हे शब्द त्याच धातूचे. आणि इंग्रजीने टाकून दिलेले ‘एओदे’? त्याचा संबंध जाणे या अर्थाच्या ‘इ’ आणि ‘या’ या संस्कृत धातूंशी लावला जातो.

‘या’ धातू मराठी माणसाच्या रोजच्या बोलण्यात आहे. संस्कृत ‘य’ शब्दाच्या आरंभी आला की प्राकृतात त्याचा ‘ज’ झाला. यमुनेची जमुना झाली, योगाचा जोग झाला, यात्रेची जत्रा झाली. तसेच ‘याति’चे ‘जाइ’ आणि पुढे मराठी ‘जाणे’. जाणे आणि जत्रा हे दोन्ही एकाच धातूतून निघाले.

आता ‘जाणे’चा भूतकाळ. ‘बसणे’चे ‘बसला’, ‘चालणे’चे ‘चालला’, मग ‘जाणे’चे ‘जाला’ व्हायला हवे. पण कोणी तसे म्हणत नाही. आपण म्हणतो ‘गेला’. हे ‘गेला’ ‘या’ धातूचे नव्हेच. ते संस्कृत ‘गत’ म्हणजे ‘गम्’च्या रूपापासून, प्राकृतातल्या ‘इल्ल’ प्रत्ययाची जोड मिळून घडले. गो-वेंटचा जो प्रकार इंग्रजीत आहे, तोच अगदी तसाच मराठीत, त्याच अर्थाच्या क्रियापदात आहे. आपण तो रोज वापरतो आणि आपल्याला तो कधी खटकत नाही, कारण आपण तो पाठ केलेला नाही, आईच्या बोलण्यातून उचललेला आहे.

आपल्या आसपासच्या भाषांतही हेच आहे. हिंदीत ‘जाना’ आणि ‘गया’, गुजरातीत ‘जवुं’ आणि ‘गयो’. बंगालीतही वर्तमानात ‘ज’ आणि भूतकाळात ‘ग’. गोव्याची कोंकणी तर आणखी पुढे गेली. तिथे ‘हांव वता’ म्हणजे मी जातो, आणि ‘हांव गेलों’ म्हणजे मी गेलो. तिचे ‘वचप’ प्राकृतातल्या ‘वच्चइ’पासून आले. जुन्या मराठीतही ‘वचणे’ होते. संतांच्या अभंगांत ते भेटते, बोलण्यातून मात्र गेले.

मराठीत आणखी एक जोडी आहे, ती तर लक्षातही येत नाही. ‘होणे’चा भूतकाळ ‘झाला’. ‘होणे’ हे ‘भू’ धातूचे, ‘भवति’चे प्राकृतात ‘होइ’ झाले. ‘झाला’ मात्र ‘जन्’ धातूच्या ‘जात’ या रूपाचे, म्हणजे जन्मलेला. 1290 मधल्या ज्ञानेश्वरीच्या भाषेत ते ‘जालें’ असे दिसते आणि तिथे त्याचे मूळ अधिक उघडे आहे. ‘पाऊस झाला’ म्हणताना आपण खरे तर ‘पाऊस जन्मला’ म्हणत असतो. कृ. पां. कुलकर्णी यांचा 1946 साली निघालेला ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ किंवा झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताचा मराठीच्या जडणघडणीवरचा ग्रंथ चाळला तर अशी नाती पानोपानी सापडतात.

‘होणे’चा विषय निघाला आहे तर इंग्रजीतल्या ‘असणे’कडेही पाहायला हवे. ‘इज’, ‘वॉज’, ‘बी’ ही रूपे एकमेकांसारखी दिसत नाहीत, कारण ती तीन वेगवेगळ्या मुळांची आहेत. ‘इज’ म्हणजे संस्कृत ‘अस्ति’चे भावंड. ‘बी’ म्हणजे ‘भवति’चे, म्हणून आपल्या ‘होणे’चेही. आणि ‘वॉज’ आले ते राहणे या अर्थाच्या मुळापासून, संस्कृतात ज्याचे ‘वसति’ होते. वस्ती, वसणे, निवास, रहिवास हे शब्द आणि इंग्रजीतले ‘वॉज’ एका कुळातले आहेत. जो एके ठिकाणी वसला, तो तिथे होता.

युरोपातल्या इतर भाषांनीही असेच केले आहे. फ्रेंचमध्ये जाणे म्हणजे ‘अले’, पण ‘मी जातो’ म्हणताना ‘व्हे’ आणि ‘मी जाईन’ म्हणताना ‘इरे’, अशा तीन लॅटिन क्रियापदांची मोट बांधली आहे. स्पॅनिशमध्ये ‘फुई’ म्हणजे ‘मी गेलो’ही आणि ‘मी होतो’ही.

एकाच क्रियापदात अशी वेगवेगळ्या मुळांची रूपे येण्याकडे 19व्या शतकाच्या अखेरीस हेरमान ओस्टहोफ या जर्मन अभ्यासकाने लक्ष वेधले आणि युरोपीय भाषाशास्त्रात त्याला नाव मिळाले. पण हा प्रकार पाणिनीने इसवी सनापूर्वी काही शतके टिपून ठेवला होता. अष्टाध्यायीत तो सांगतो, की जाणे या अर्थाच्या ‘इ’ धातूला लुङ् या भूतकाळात ‘गा’ हा आदेश होतो. म्हणून ‘तो गेला’ या अर्थी ‘अगात्’. ‘अस्’च्या जागी ‘भू’, ‘ब्रू’च्या जागी ‘वच्’, ‘दृश्’च्या जागी ‘पश्य’, अशी नोंद त्याने एकेका धातूची केली आहे. आदेश म्हणजे एकाच्या जागी दुसऱ्याने येणे. ‘गो’च्या भूतकाळात ‘वेंट’ येते, याचे वर्णन करायला यापेक्षा नेमका शब्द शोधायची गरज नाही.

पण भाषा असे का करते? आणि करते तर जाणे, असणे, होणे, येणे अशाच क्रियापदांत का? ‘शिवणे’ किंवा ‘विणणे’ यांच्या बाबतीत असे का होत नाही?

याचे उत्तर वापरात आहे. जो शब्द दिवसातून शंभर वेळा तोंडी येतो, त्याचे वाकडे रूपही मूल सहज उचलते आणि पुढच्या पिढीला देते. जो महिन्यातून एकदा येतो, त्याचे वाकडे रूप आठवत नाही, मग लोक त्याला नेहमीचा प्रत्यय लावून मोकळे होतात. 2007 साली हार्वर्डमधल्या एरेझ लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात याचा हिशेब मांडला. त्यांनी जुन्या इंग्रजीतली 177 अनियमित क्रियापदे घेतली. मध्ययुगीन इंग्रजीत त्यांतली 145 अनियमित उरली होती, आज 98 उरली आहेत. ‘हेल्प’चा भूतकाळ एकेकाळी ‘होल्प’ होता, आज तो साधा ‘हेल्प्ड’ आहे. एखादे क्रियापद दुसऱ्यापेक्षा शंभरपट कमी वापरात असेल तर ते दहापट वेगाने नियमित होते, असे त्यांना आढळले. इंग्रजीत सर्वाधिक वापरली जाणारी दहा क्रियापदे घेतली तर ती दहाच्या दहा अनियमित आहेत, आणि ‘गो’ त्यांत आहे.

लहान मुलांच्या बोलण्यात हा झगडा प्रत्यक्ष ऐकू येतो. इंग्रजी मातृभाषा असलेले मूल आधी ऐकून ऐकून ‘वेंट’ म्हणते. मग त्याला भूतकाळाचा नियम सापडतो आणि काही काळ ते ‘गोड’ म्हणू लागते. मोठी माणसे हसतात, पण मुलाचे पाऊल पुढे पडलेले असते. आता ते नुसते ऐकलेले परत म्हणत नाही, स्वतः रूपे घडवू लागले आहे. जीन बर्को या अमेरिकी संशोधिकेने 1958 साली मुलांना काल्पनिक प्राण्यांची चित्रे दाखवून, बनावट शब्द देऊन हेच तपासले. कधीही न ऐकलेल्या शब्दालाही मुले बरोबर प्रत्यय लावत होती. मराठी घरांतही हे घडते. तीन वर्षांचे पोर ‘मी केलं’ऐवजी ‘मी करलं’ म्हणते. ‘बसलं’, ‘पडलं’ यांवरून त्याने बांधलेला नियम बिनचूक असतो. ‘केलं’ हे थेट संस्कृत ‘कृत’वरून आले आहे, एवढेच त्याला ठाऊक नसते.

‘जाणे’ इतके वापरात असल्यामुळे ते नुसत्या चालण्यापुरते राहत नाही, हेही दोन्ही भाषांत दिसते. इंग्रजीत ‘गोइंग टू’ने पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून भविष्यकाळाचे काम हाती घेतले. आधी खरोखर कुठेतरी काही करायला जाणे असा अर्थ होता, पुढे जागचे न हलताही ‘मी हे करणार आहे’ असा झाला, आणि बोलण्यात त्याचे ‘गोना’ झाले. मराठीने ‘जाणे’ला वेगळी कामे दिली. नाव ‘विसरून जाते’, दूध ‘नासून जाते’, पूल ‘बांधला जातो’, आणि आजोबा नातवाला ‘रोज व्यायाम करत जा’ असे सांगतात. यात कुठेही कोणी कुठे जात नाही.

इंग्रजीच्या शिक्षकांना इथे एक आग्रहाची विनंती करावीशी वाटते. मराठी मुलांना ‘गो, वेंट’ शिकवताना फळ्यावर शेजारी ‘जाणे, गेला’ ही जोडीही लिहा. तिच्याखाली ‘होणे, झाला’ लिहा, आणि ‘सेंड, सेंट’च्या रांगेत ‘वेंड, वेंट’ बसवून दाखवा. पाच मिनिटांचे काम आहे. परकी भाषा लहरी आहे आणि आपल्याला ती जमणार नाही, ही भीती घेऊन वर्गात बसलेल्या मुलांची संख्या आपल्याकडे फार मोठी आहे. त्या मुलांना आपण हेच रोज मराठीत बिनचूक बोलतो हे कोणीतरी सांगायला हवे.